वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्यूब अँप्लिफायरची गुणगुण आणि खरखर

प्रश्न : मी गिटारसाठी वापरलेला ट्यूब अँप्लिफायर विकत घेतला आहे. त्यात ईसीसी८३ जातीच्या तीन छोट्या आणि ईएल३४ जातीच्या दोन मोठ्या ट्यूब आहेत. गिटार जोडलेली नसतानाही सतत गुणगुण ऐकू येते, व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर होते आणि वाजवता वाजवता आवाज एकदम बसतो. पेटीवर थाप मारली की तो परत येतो. कारागिराकडे नेण्यापूर्वी घरी काय तपासता येईल?

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत, म्हणून त्या एकेक करून तपासाव्यात. चासिस, म्हणजे सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा, मात्र उघडू नये. वीजपुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरांमध्ये प्लग काढल्यानंतरही ४०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब उरलेला असू शकतो आणि तो उतरवणारा रेझिस्टर मंडलात नसेल, तर हा धोका बराच काळ टिकतो. सुदैवाने दोष कोणत्या विभागात आहे, हे बाहेरची बटणेच पुष्कळसे सांगून टाकतात.

प्रथम गुणगुण. सगळे व्हॉल्यूम शून्यावर आणूनही ती तेवढीच राहिली, तर तिचा उगम वीजपुरवठ्यात किंवा मोठ्या ट्यूबच्या विभागात आहे. जिथे वीज ५० हर्ट्झची असते, तिथे रेक्टिफायरनंतर, म्हणजे एसी विजेचे डीसी करणाऱ्या भागानंतर, उरणारी लहर १०० हर्ट्झची असते. त्यामुळे किंचित वरच्या पट्टीतली, भुणभुणणारी गुणगुण ऐकू आली की ही लहर गाळणारे फिल्टर कपॅसिटर थकल्याचा संशय घ्यावा, आणि खालच्या पट्टीतली, गोलसर गुणगुण असेल तर हीटरची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) जोडणी किंवा अर्थिंग तपासून घ्यावे. मात्र कपॅसिटरांना लगेच दोषी ठरवणे मला घाईचे वाटते. दोन मोठ्या ट्यूब समान प्रवाह घेत असतील, तर पुरवठ्यातली लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्परविरुद्ध होऊन बरीचशी नाहीशी होते. त्यांपैकी एक ट्यूब दुबळी झाली की तीच लहर स्पीकरपर्यंत पोहोचते. म्हणून कपॅसिटर बदलण्याआधी दोन्ही ट्यूबचा बायस प्रवाह, म्हणजे काही वाजत नसतानाही ट्यूबमधून वाहणारा प्रवाह, कारागिराला मोजायला सांगावे.

व्हॉल्यूमबरोबर गुणगुण वाढत असेल, तर दोष छोट्या ट्यूबच्या बाजूला शोधावा. अँप्लिफायर बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर, इनपुटजवळची पहिली ईसीसी८३ आणि तिच्या शेजारची ट्यूब यांची अदलाबदल करावी. एकाच जातीच्या छोट्या ट्यूब अशा बदलताना बायस पुन्हा लावावा लागत नाही. गुणगुणीचे स्वरूप बदलले, तर ती ट्यूबच सदोष आहे. चालू अवस्थेत लाकडी पेन्सिलीने प्रत्येक छोट्या ट्यूबवर हलकेच टिचकी मारावी. एखादी घंटेसारखी घुमली किंवा तडतडली, तर तिची जागा बदलून किंवा नवी बसवून पाहावे.

खरखरीचे साधे कारण म्हणजे पॉटमधील, म्हणजे बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरमधील, धूळ. वंगणयुक्त कॉन्टॅक्ट क्लीनर आत सोडून बटण अनेकदा पूर्ण फिरवल्यास ती बहुतेक वेळा जाते, पण त्यासाठी चासिस उघडावे लागत असेल तर हे काम कारागिरानेच करावे. स्वच्छ केल्यावरही खरखर राहिली, तर आधीच्या टप्प्यातला कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त ध्वनीचा संकेत पुढे पाठवणारा) गळत असून पॉटवर डीसी दाब येत असण्याची शक्यता असते. तसे असेल, तर पॉट बदलून काहीही साधत नाही.

आवाज बसण्याचा दोष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रथम स्पीकरची वायर आणि तिचा जॅक पाहावा, कारण मोठ्या आवाजात वाजवताना स्पीकरचा संबंध तुटला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो अँप्लिफायरमधील महागड्या भागांपैकी एक असतो. या जोडणीसाठी गिटारची केबल कधीही वापरू नये. नंतर, इफेक्ट्स लूप (बाहेरची इफेक्ट उपकरणे जोडण्याची सोय) असल्यास, सेंड आणि रिटर्न या जॅकांमध्ये एक छोटी केबल जोडून वाजवून पाहावे. तक्रार थांबली, तर रिटर्न जॅकमधील स्विचच्या पट्ट्यांवर ऑक्साइड साचले आहे. एवढे करूनही आवाज बसतच राहिला, तर थंड अवस्थेत ट्यूब सॉकेटमधून दोन-तीनदा काढून घालाव्यात, म्हणजे पिनांचे स्पर्श घासून स्वच्छ होतात. तरीही फरक न पडल्यास सर्किट बोर्डावर बसवलेल्या सॉकेटांचे उष्णतेने तडकलेले सोल्डरचे जोड कारागिराला तपासायला सांगावेत.

प्रश्न : माझ्या अँप्लिफायरचा फ्यूज उडाला. जास्त अँपिअरचा फ्यूज बसवून चालेल का? तसेच एका मोठ्या ट्यूबमध्ये निळसर प्रकाश दिसतो, तो धोकादायक आहे का?

उत्तर : जास्त अँपिअरचा फ्यूज अजिबात बसवू नये. त्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा, म्हणजे स्लो-ब्लो लिहिलेले असेल तर स्लो-ब्लोच, नवा फ्यूज एकदाच घालून पाहावा. तोही उडाला, तर मोठ्या ट्यूब काढून तपासावे. त्या ट्यूबशिवाय फ्यूज टिकला, तर दोष त्या ट्यूबमध्ये किंवा त्यांच्या बायसमध्ये आहे. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर दिसणारी निळी झाक निरुपद्रवी असते. इलेक्ट्रोडांच्या मधोमध जांभळट धुके भरलेले दिसले, तर मात्र ट्यूबमधील निर्वात पोकळीत वायू आला आहे आणि ती ट्यूब बदलावी. ट्यूबमधली धातूची प्लेट लालबुंद झालेली दिसल्यास अँप्लिफायर त्या क्षणी बंद करावा आणि बायसचा ऋण दाब व कपलिंग कपॅसिटर तपासून घेईपर्यंत पुन्हा सुरू करू नये.