गाडी सुरू होण्याआधीच गाडी लागते तेव्हा

"आम्ही आणि दोन मित्रांची कुटुंबं मिळून चार दिवस समुद्रावर जायचं ठरतंय. सात तासांचा रस्ता आहे. आमच्या मुलीला गाडी लागते. गेल्या वेळी तिच्यामुळे सगळ्यांना पाचदा थांबावं लागलं. आता नुसतं सहलीचं नाव काढलं तरी तिच्या पोटात ढवळतं. आम्ही येत नाही असं कळवून टाकू का?"

हा प्रश्न ९ वर्षांच्या एका मुलीच्या आईचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सुट्ट्या जवळ आल्या की अशी काळजी घेऊन बरेच पालक समुपदेशनाला येतात. बहुतेकांना दोनच वाटा दिसत असतात, मुलीला कुणाकडे तरी ठेवून जायचं किंवा सगळ्यांनीच घरी राहायचं. तिसरी वाट आहे, पण तिला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. या घराच्या हाताशी पाच आठवडे होते.

उलट्या किती होतात यापेक्षा त्रास नेमका कधी सुरू होतो, हे आधी पाहावं लागतं. आईवडिलांना मागचे सहा प्रवास आठवून वहीत रकाने भरायला सांगितले. किती वाजता निघालो, शेवटचं खाणं कधी, मुलगी कोणत्या सीटवर, हातात काय होतं, पहिली तक्रार किती मिनिटांनी आणि तिच्या जरा आधी गाडीत कोण काय बोललं. शेवटचा रकाना पालकांना विचित्र वाटतो, पण सगळ्यात जास्त तोच सांगून जातो. सहापैकी चार वेळा त्रास पाऊण तासानंतर, वळणांच्या रस्त्यावर, मागच्या सीटवर टॅब बघताना सुरू झाला होता. उरलेल्या दोन वेळा रस्ता सरळ होता आणि घर सोडून १० मिनिटंही झाली नव्हती. त्यातल्या एकदा तर गाडी अजून फाटकातच उभी होती.

हे दोन वेगळे त्रास आहेत. दोन्हींचा शेवट उलटीत होतो, म्हणून घरात त्यांना एकच नाव पडलेलं असतं.

पहिला त्रास कानाचा. प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, डोकं वळलं की त्या मेंदूला कळवतात. वेग वाढला किंवा कमी झाला की शेजारची दोन छोटी इंद्रियं कळवतात. गाडी वळते तेव्हा कान म्हणतो आपण हलतोय, आणि टॅबवर खिळलेले डोळे म्हणतात आपण जागच्या जागी आहोत. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. अंतर्कर्णाचं हे काम दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद पडलेल्या माणसाला गाडी लागत नाही. गाडी चालवणाऱ्यालाही सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. २ वर्षांखालच्या मुलांना हा त्रास क्वचित होतो, शाळकरी वयात सर्वांत जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. म्हणजे ही मुलगी नाटक करत नव्हती. हे तिच्या समोर, सगळ्या घरादेखत, मोठ्यानं सांगणं हा उपचाराचाच भाग. वडिलांना ते ऐकणं जड गेलं. "तुझ्या मनाचे खेळ आहेत," असं ते तिला दोन वर्षं सांगत आले होते.

(प्रवास नसतानाही सकाळी उठल्या उठल्या उलट्या होणं, सोबत डोकं दुखणं, चालताना तोल जाणं किंवा कमी ऐकू येणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, समुपदेशन नंतर. इथे बालरोगतज्ज्ञांनी तपासून झालं होतं.)

दुसरा त्रास भीतीचा, आणि तोही तितकाच खरा. केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना पुढच्या वेळी औषध सुरू होण्याआधी, नुसत्या रुग्णालयाच्या वासानंही मळमळू लागतं. शरीरानं दोन गोष्टींची गाठ मारलेली असते. या मुलीच्या मनात ती गाठ कशाशी बसली होती, ते पहिल्याच भेटीत दिसलं. ती चित्र काढत होती. आईनं रुमाल काढायला पर्स उघडली आणि आतली प्लास्टिकची पिशवी चुरचुरली. मुलीचा खडू थांबला. डावा हात पोटावर गेला, ओठ घट्ट मिटले, तिनं एक घोट गिळला. खोली स्थिर होती, खिडकी उघडी होती, गाडीचा विषयही निघाला नव्हता.

प्रत्येक प्रवासात, बसता क्षणी, ती पिशवी उघडून तिच्या मांडीवर दिली जायची. मग दर पाच-दहा मिनिटांनी पुढून प्रश्न यायचा, "बरं वाटतंय ना?" हे सगळं मायेपोटीच. पण असं विचारलं की मूल आपल्या पोटात डोकावून बघतं, आणि बघायला गेलं की तिथे काही ना काही सापडतंच. त्यात गेल्या सहलीत शेजारी येऊन थांबलेल्या गाडीतून एक मोठं माणूस म्हणालं होतं, "अजून किती वेळा थांबायचं?" बोलणारा ते विसरूनही गेला असेल. मुलीनं वर्षानंतर ते वाक्य जसंच्या तसं, त्याच सुरात म्हणून दाखवलं.

म्हणून पहिलं काम पिशवीचं. ती गाडीतून गेली आणि तिच्या जागी घट्ट झाकणाचा एक रुंद डबा आला. तळाशी टिश्यू, सोबत पाण्याची लहान बाटली आणि एक टॉवेल. डबा दाराच्या खणात ठेवायचा आणि सांभाळायचा तिनंच. "बरं वाटतंय ना?" हा प्रश्न बंद. त्याऐवजी तिनं बोटं दाखवायची, काहीच नाही तर मूठ आणि फार झालं तर दहा बोटं. तीन झाली की टेकून बसायचं, डोकं मागे टेकवून स्थिर ठेवायचं आणि नजर दूरच्या रस्त्यावर. पाच झाली की पहिली सुरक्षित जागा बघून गाडी थांबणार, एकही प्रश्न न विचारता. इथे पालक हमखास चुकतात. "अजून थोडं धर, पुढे चांगली जागा आहे," असं एकदा जरी म्हटलं तरी पुढच्या वेळी मूल दोनवरच पाच बोटं दाखवतं. आकडा खरा हवा असेल तर आपला शब्दही खरा लागतो.

श्वासाचा सराव घरी, झोपून. पोटावर हलकं पुस्तक ठेवायचं, ४ मोजत नाकानं श्वास आत, ६ मोजत बाहेर. पुस्तक वरखाली व्हायला हवं, छाती नाही. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. मळमळ सुरू झाल्यावर हे शिकवायला गेलं तर जमत नाही, मूल वैतागतं आणि पुढे या श्वासाचाच राग धरतं.

मग गाडी. पहिल्या आठवड्यात गाडी जागची हललीच नाही. दार उघडं ठेवून पाच मिनिटं नुसतं बसायचं. ते सलग दोनदा दोन बोटांच्या आत राहिलं की दार लावून, मग इंजिन सुरू करून. दुसऱ्या आठवड्यात सरळ रस्त्यावर पाच मिनिटं, मग दहा. तीन बोटं दिसली की माघारी फिरायचं. त्रास वाढण्याआधीच घरी पोचणं महत्त्वाचं, कारण फेरीचा शेवट कसा झाला तेच मुलाच्या लक्षात राहतं.

दहाव्या दिवशी गाडं अडलं. सलग तीन फेऱ्या छान झाल्या म्हणून वडील खुशीत तिला ४० मिनिटं गर्दीच्या रस्त्यानं फिरवून आले. दर मिनिटाला ब्रेक, पुन्हा वेग. कानाला याहून वाईट काही नाही. तिनं चार बोटं दाखवली, मग पाच. पण मागेपुढे गाड्या होत्या, थांबायला जागाच नव्हती. उलटी झाली. दुसऱ्या दिवशी ती गाडीजवळ जायला तयार नव्हती. वडिलांना वाटलं सगळं मुसळ केरात. तसं नव्हतं. अशा वेळी पार सुरुवातीपासून सुरू करत नाहीत, दोन पायऱ्या मागे येतात. मात्र वडिलांनी तिला सांगणं गरजेचं होतं की "चूक माझी. तू खरं सांगितलंस, मलाच थांबता आलं नाही." त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर, मोठ्या भावासमोर सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून किल्ली घेऊन आली.

बाकीची तयारी थोडक्यात. मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा असेल तर ती जागा उत्तम, समोरची काच दिसते. उंची साधारण १४५ सेंटिमीटरच्या आत असेल तर बूस्टर सीट (मुलाला उंच बसवणारी बैठक) हवीच, त्यानं पट्टा नीट बसतो आणि नजरही वर येते. गाडी लागते म्हणून या वयात पुढे बसवू नये. टॅब आणि पुस्तकं बंद, ऐकायच्या गोष्टी चालतील. गाडीतलं अत्तर काढून टाका, बाहेरची हवा आत येऊ द्या. निघण्याआधी तास-दीड तास हलकं खाणं, कारण तुडुंब पोट वाईट तसं रिकामंही. औषध डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेलंच आणि त्यांनी सांगितल्या वेळी, बहुतेक गोळ्या निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. तेही आधी एकदा सुट्टीच्या दिवशी घरी देऊन पाहावं, कारण काही मुलं त्यानं पेंगतात, काही उलट चिडचिडी होतात. पोट बिघडल्यावर दिलेलं ऑन्डान्सेट्रॉन हे उलट्यांवरचं औषध घरात उरलेलं असतं म्हणून पालक तेच देतात. गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मित्रांना काय सांगायचं यावर. वडिलांना हा विषय काढणंच कमीपणाचं वाटत होतं. पण लोक वैतागतात ते अवचित झालेल्या खोळंब्यानं. आकडा आधी कळला की तोच खोळंबा वेळापत्रकात बसतो. दोन भेटींत मिळून निरोप तयार झाला: "आमची गाडी दर सव्वा तासाला १० मिनिटं थांबेल. तुम्ही आमच्यासाठी थांबू नका, आम्ही तासभर आधी निघतो, जेवायच्या ठिकाणी भेटू. आणि एक विनंती, मुलीला गाडीवरून कुणी काही विचारू नका, चिडवूही नका." यात माफी मागितलेली नाही, तेच बरं. तासभर आधी निघण्याचं आणखी एक कारण होतं. तीन गाड्या एकामागोमाग जातात तेव्हा मागची गाडी सतत अंतर भरून काढत असते, म्हणजे वेग, ब्रेक, पुन्हा वेग. गेल्या सहलीत यांची गाडी शेवटची होती.

निरोप गेल्यावर एका मैत्रिणीचं उत्तर आलं, त्यांच्या मुलाला होडी लागते, तेव्हा हाच डबा तेही ठेवतील.

होडीची फेरी बेतात होतीच, आणि मुलगी त्यात नसणार हे मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं असं ठरलं, आणि तेही किनाऱ्यावर, होडी बघितल्यावर. ती नाही म्हणाली तर कुणी तोंड पाडायचं नाही. हो म्हणाली तर होडीच्या मध्यावर, उघड्यावर, इंजिनाच्या धुरापासून दूर बसायचं, नजर क्षितिजावर आणि फेरी अर्ध्या तासाचीच.

जाताना चौथ्या तासाला, वळणांवर, पाच बोटं वर झाली. गाडी थांबली, उलटी डब्यात झाली, चूळ भरून झाली. १० मिनिटं थांबून मग दोन-दोन चमचे पाणी. आई मागे वळली नाही. नंतर ती म्हणाली, ती पंधरा मिनिटं पुढच्या गाड्यांचे नंबर वाचत काढली आणि अख्ख्या सहलीत तेच सगळ्यात कठीण गेलं. होडीला पहिल्या दिवशी मुलगी नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, होडी किती वाजता सुटते. परतीच्या रस्त्यात दोनदा तीन बोटं दिसली, त्यापुढे गेली नाहीत.

आता दर रविवारी अर्ध्या तासाची एक फेरी चालू ठेवायची आहे. फार खंड पडला तर कानाची सवय मोडू लागते आणि पुन्हा लहान फेऱ्यांपासून चढावं लागतं. वहीतले रकाने आता मुलगी स्वतः भरते. जातानाच्या प्रवासासमोर तिनं लिहिलंय, "उलटी १. मग पुढे गेलो." कोण काय बोललं, त्या रकान्यात आडवी रेघ आहे.