डोळ्याच्या कर्करोगाचं मॉडेल उंदरात बनवणं अवघड का जातं?

लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगाबद्दल, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाबद्दल सांगतो. मॉडेल म्हणजे तोच रोग अभ्यासासाठी प्राण्यात घडवून आणणं. माणसात बहुतेक वेळा आरबी१ या गाठ रोखणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावर तो सुरू होतो. उंदरात तेवढं पुरत नाही, कारण त्याच कुटुंबातलं पी१०७ प्रथिन उणीव भरून काढतं. म्हणून आरबी१सोबत पी१०७ किंवा त्याच कुटुंबातलं पी१३० हे जनुकही काढावं लागतं. या कर्करोगाच्या १९९० मधल्या पहिल्या ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेल्या, उंदरात एसव्ही४० विषाणूचं टी-अँटिजेन हे आरबी१चं प्रथिन निकामी करणारं प्रथिन वापरलं होतं. ते पी५३ या गाठ रोखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनालाही निष्प्रभ करतं, त्यामुळे मानवी रोगाशी ते मॉडेल पूर्ण जुळत नाही. औषध तपासायचं असेल तर रुग्णाच्या गाठीतल्या पेशी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदराच्या डोळ्यात वाढवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. धमनीतून थेट डोळ्याला औषध द्यायचं असेल तर मात्र ससाच घ्या, उंदराचा डोळा त्यासाठी फार लहान पडतो.