गुन्हे आणि सुरक्षा विश्लेषणासाठी एआय या विषयावर पीएचडी करायची आहे. विषय कसा निवडू, आणि पुढे स्कोप आहे का?

तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरमध्ये एम.टेक. झालंय, गुन्ह्यांचा अंदाज बांधणारं काहीतरी करायचं आहे आणि एलएसटीएम घ्यावं की ट्रान्सफॉर्मर (दोन्ही एआय मॉडेलचे प्रकार) यावर अडलंय. माझी पीएचडी याच भागातली, मराठी एफआयआरच्या मजकुरावर. त्या अनुभवावरून सांगतो, मॉडेलचा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी ठरवा, नोंद कोणाची आणि ती कशी झाली. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

या क्षेत्रातलं गाजलेलं उदाहरण प्रेडपोलचं, म्हणजे गुन्हा कुठे होईल याचा अंदाज सांगणाऱ्या अमेरिकी सॉफ्टवेअरचं. भूकंपानंतर जवळपास छोटे धक्के बसतात, तसं एका घरफोडीनंतर आसपासच्या घरांचा धोका काही दिवस वाढतो. हे निरीक्षण खरं आहे आणि त्यावर २०११ मध्ये आलेला गणिती पेपर आजही वाचण्यासारखा आहे. त्यातूनच कंपनी उभी राहिली. नकाशावर पाचशे बाय पाचशे फुटांचे चौकोन काढून 'आज इथे गस्त घाला' असं ती पोलिसांना सांगायची. लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२० मध्ये ते बंद केलं (कारण पैशांचं सांगितलं). कॅलिफोर्नियातल्या ज्या सांताक्रूझमध्ये हे सुरुवातीला वापरलं गेलं, त्या शहराने त्याच वर्षी असल्या यंत्रणांवर बंदीच घातली.

का, ते समजायला क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांचा २०१६ चा लेख वाचा. त्यांनी कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडमधल्या अमली पदार्थांच्या पोलीस नोंदी या अल्गोरिदमला दिल्या. नशा करणारे शहरभर पसरलेले होते, पण अल्गोरिदम पुन्हा पुन्हा गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांकडेच बोट दाखवत राहिला, कारण नोंदी तिथल्याच जास्त होत्या. पोलीस जिथे जातात तिथे गुन्हा नोंदला जातो, आणि नोंद झाली की पोलीस पुन्हा तिथेच जातात.

हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. १८७१ च्या कायद्याने आपल्याकडे जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी वस्तीवर चौकशीला आधी कोण जातं हे महाराष्ट्रात कोणालाही विचारा. 'सराईत' हा रकाना मॉडेलमध्ये फीचर (अंदाजासाठी दिलेली माहिती) म्हणून घालण्याआधी तो शेरा कोणी आणि कशावरून मारला हे पाहावंच लागतं. माझ्या मते निव्वळ 'कोण गुन्हा करेल' हा विषय घेऊच नये.

आता नोंदीकडे या. घरफोडीची एफआयआर उघडा. कुटुंब दिवाळीला गावी गेलं, आठ दिवसांनी परत आलं, तर कडीकोयंडा उचकटलेला. घटना कधी घडली? फॉर्ममध्ये 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने असतात आणि मध्ये आठ दिवस. बहुतेक प्रबंध यातली एक तारीख उचलतात आणि मग 'रात्री दोन ते चारमध्ये घरफोड्या वाढतात' असे आलेख काढतात. जागेचंही तेच. घटनास्थळाच्या रकान्यात ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर असतं, 'पश्चिमेस २ किमी', आणि खाली पत्ता म्हणून 'मारुती मंदिरामागे'. अक्षांश-रेखांश तुम्हालाच काढायचे. खरा मजकूर असतो फिर्यादीच्या जबाबात: कुलूप कसं तोडलं, मोटारसायकल कुठल्या रंगाची, 'अज्ञात इसमाने' नेमकं काय केलं. मराठीतल्या या जबाबांमधून गुन्ह्याची पद्धत काढून दोन ठाण्यांच्या हद्दीतले एकाच टोळीचे गुन्हे जोडणं, यात अजून भरपूर काम बाकी आहे. तपासी अंमलदाराला त्याचा उपयोगही होतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या नोंदीत कलम ३०२ म्हणजे खून. नव्या संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये गेली, आणि ३०२ झालं धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोलणं. सोनसाखळी ओढण्याला आता ३०४ हे स्वतंत्र कलम आहे. आधी अशी प्रकरणं चोरीत किंवा जबरी चोरीत जायची. शिवाय घटना जुलैच्या आधीची असेल तर आज दाखल झालेल्या गुन्ह्यालाही जुनाच कायदा लागतो. म्हणजे नुसत्या नोंदीच्या तारखेवरून कलमाचा कोड बदलून भागत नाही. एनसीआरबीचे (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाचे) आकडे वापरणार असाल तर हेही लक्षात ठेवा की एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी ते त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतात.

बरेच जण हे सगळं टाळून शिकागोचा २००१ पासूनचा खुला डेटा उतरवतात आणि प्रस्तावनेत 'भारतीय शहरांसाठी' असं लिहितात. व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येतो. सीसीटीव्हीवर 'संशयास्पद हालचाल' शोधण्याच्या विषयाची तर इतकी गर्दी आहे की त्यात नवीन काय ते गाईडलाही सांगता येत नाही.

अचूकतेबद्दल एकच. शहराचे हजारो चौकोन केले की बहुतेक चौकोनांत बहुतेक दिवशी काहीच घडत नाही. 'आज कुठेही काही होणार नाही' एवढंच म्हणणारं मॉडेलसुद्धा नव्वदच्या पुढे गुण घेतं. किती टक्के जागा तपासून किती टक्के गुन्हे सापडले, हे मोजा.

डेटा मिळवण्याचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीच्या एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर येतात. पण त्यात माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर असतात. उघड आहे म्हणून सरसकट उतरवून घेऊ नका. नैतिकता समितीची मंजुरी घ्या, नावं आधी काढा आणि विभागाचं पत्र घेऊन आयुक्तालयात अर्ज द्या. उत्तर यायला महिनोन्‌महिने लागतात, तेवढ्यात कोर्सवर्क उरकून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, आणि परवानगीच्या वाटेत त्यातलं एक सहज जातं.

स्कोप आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' ही एआय कंपनी नागपुरात काढली, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची केंद्रं नागपूर आणि गोव्यात आहेत, आणि बँकांच्या फसवणूक-विश्लेषण विभागांना तर ही माणसं हवीच असतात. पगार बहुतेक वेळा बँकेतच बरा मिळतो. सिनॉप्सिस लिहायच्या आधी एकदा जवळच्या ठाण्यातल्या क्राइम रायटरशेजारी (गुन्ह्याची नोंद लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याशेजारी) दुपारभर बसून तो एफआयआर कशी भरतो ते बघून या, आणि मग विषय इथे कमेंटमध्ये टाका. वाचून सांगतो.