सस्पेंड केलं की विषय संपला?

प्रश्न: पूल पडला, आग लागली, चेंगराचेंगरी झाली की दुसऱ्या दिवशी दोन-चार इंजिनियर नाहीतर इन्स्पेक्टर सस्पेंड होतात, मंत्री म्हणतात दोषींना सोडणार नाही, विरोधक म्हणतात राजीनामा द्या, आणि महिन्याभरात सगळं थंड. मग खरा जबाबदार कोण? रेल्वेमंत्री असताना लालबहादूर शास्त्रीजींनी दिला तसा राजीनामा आता कोणी का देत नाही?

उत्तर: आधी ते सस्पेंड प्रकरण बघू, कारण आपण सगळ्यात जास्त तिथेच गंडतो. निलंबन ही शिक्षाच नाहीये. सेवा नियमांत शिक्षांची यादी असते त्यात ते नसतं, चौकशी चालू असताना माणूस खुर्चीत नको म्हणून त्याला बाजूला ठेवतात, साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता चालू असतो आणि चौकशी रेंगाळली की बऱ्याचदा तो गुपचूप परत कामावर. म्हणजे बातमी छापून आली, आपला राग उतरला, आणि दोष तर अजून कोणाचाच ठरलेला नाही!

मी अशा वेळी दोनच गोष्टी बघतो. धोका कोणाला माहीत होता, आणि तो थांबवायची सही कोणाची होती. बहुतेक वेळा ही माणसं वेगळी निघतात. ज्याला माहीत होतं त्याने लिहून वर पाठवलेलं असतं पण पैसे मंजूर करायचा अधिकार त्याला नाही, आणि ज्याला अधिकार आहे तो म्हणतो माझ्यापर्यंत फाइल आलीच नाही. अहो, पण फाइल मधेच कुठेतरी अडकावी अशी व्यवस्था तुमच्याच खात्यात चालू होती ना, मग ती जबाबदारी कोणाची? खालच्याला सस्पेंड केलं की हा प्रश्न कोणी विचारतच नाही, सोयीचं पडतं.

आता शास्त्रीजी. १९५६ मध्ये महबूबनगरला रेल्वे अपघात झाला तेव्हा त्यांनी राजीनामा देऊ केला होता, नेहरूंनी घेतला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अरियालूरला पुराच्या पाण्याने घात केला, गाडी कोसळली, शंभराहून जास्त माणसं गेली, तेव्हा मात्र स्वीकारला, आणि संसदेत स्पष्ट सांगितलं की शास्त्री यात व्यक्तिशः दोषी नाहीत, पण पायंडा म्हणून हे योग्य. १९५७ च्या निवडणुकीनंतर ते परत मंत्री झालेही. म्हणजे राजीनामा हा काही गुन्ह्याचा कबुलीजबाब नव्हता. आता राजीनामा म्हणजे गुन्हा मान्य केला असंच धरतात, म्हणून कोणी देत नाही, आणि मागणारेही अर्धे तेवढ्यासाठीच मागतात.

आपल्याकडे २६/११ नंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. पाटील दोघांनीही राजीनामे दिले, २००९ च्या निवडणुकीनंतर आर. आर. पुन्हा गृहमंत्री झाले. त्यात गैर काही नाही. पण राजीनाम्याने पोलिसांकडची हत्यारं आणि ट्रेनिंग सुधारत नाही, त्यासाठी कोणीतरी शांतपणे चूक कुठे झाली ते शोधावं लागतं, तेव्हा राम प्रधान समिती नेमली होती ती त्यासाठीच.

रेल्वेत याची एक चांगली सोय आहे जी फार लोकांना माहीत नसते. मोठ्या अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात! विचित्र वाटतं खरं, पण ज्याची चौकशी करायची त्याच्याच हाताखाली काम करायचं नाही हा हेतू.

प्रश्न: पण चौकशीचं पुढे काय होतं? अहवाल तर धूळ खात पडतात.

उत्तर: ती चौकशी कोणती आहे ते आधी बघा. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली आयोग नेमला असेल तर अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो, आणि त्यावर काय केलं याचं टिपण, सभागृहासमोर ठेवावं लागतं. शिफारशी बंधनकारक नसतात, पण निदान 'आम्ही हे मानलं नाही' असं सरकारला लेखी सांगावं लागतं. साध्या खात्यांतर्गत समितीला यातलं काहीच लागू नाही, आणि म्हणूनच घाईघाईत 'उच्चस्तरीय समिती' जाहीर होते. तुमच्या लक्षात असलेल्या दुर्घटनेवर अशी समिती असेल तर माहिती अधिकारात अर्ज करून अहवालाची प्रत आणि त्यावरची कार्यवाही मागा, अहवाल नाही दिला तर नकाराचं कारण लेखी येतं, तेही वाचण्यासारखं असतं.