फिबोनाची हीप राहू दे, आधी वही काढ

अगं, रात्री पावणेएकला टाकलेला तुझा मेसेज सकाळी बघितला. "दादा, ॲडव्हान्स्ड डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) घेऊन फसले, फिबोनाची हीप (सगळ्यात लहान नग पटकन काढून देणारी रचना) डोक्यावरून गेला." फसलीबिसली काही नाहीस, तो सगळ्यांच्याच डोक्यावरून जातो, पण मला विचारशील तर हीप नंतर, तुझं अमॉर्टाइज्ड ॲनालिसिस, म्हणजे कधीतरी येणारं महाग काम बाकीच्या स्वस्त कामांवर वाटून खर्च काढणं, कच्चं राहिलंय आणि ते स्लाइड वाचून पक्कं होत नाही.

मी पण तेच केलेलं. "ॲरे (नग ओळीनं ठेवायच्या ठराविक जागा) भरला की डबल करायचा" एवढं पाठ करून व्हायवाला गेलो आणि सरांनी विचारलं, डबलच का रे, दर वेळी 10 जागा वाढवल्या तर काय बिघडलं? ततपप झालं. घरी येऊन वही काढली. 1,000 नग टाकायचेत, 10-10 ने वाढवलं तर जुने नग उचलून नव्या जागी ठेवायचे 10 + 20 + 30 करत 990 पर्यंत, म्हणजे 49,500 कॉप्या. एकापासून डबल करत गेलं तर 1,023.

आता पिग्मी आठव, बाबांच्या दुकानात एजंट रोज येऊन थोडे थोडे पैसे घेऊन जातो ना, तसं दर पुशला, म्हणजे नवा नग टाकताना, 3 रुपये घे (एक रुपया म्हणजे एक काम), 1 रुपया नग ठेवण्याचा, 2 पिग्मीत. 8 चा ॲरे भरला तेव्हा शेवटच्या 4 नगांचे 8 रुपये जमलेत आणि हलवायचे नग पण 8च! हिशोब चुकता. फिबोनाची हीप पण असाच, आत नोडची (नगांची) झाडं असतात, कामं पुढं ढकलत राहतो आणि एक्स्ट्रॅक्ट-मिन (सगळ्यात लहान नग काढणं) आलं की सगळा पसारा एकदम आवरतो, त्याची पिग्मी म्हणजे झाडांची संख्या अधिक मार्क केलेल्या (एक मूल तुटलेल्या) नोडची दुप्पट, पुस्तकात तिला पोटेन्शियल म्हणतात एवढंच.

प्रत्यक्षात तेच काम करणारा साधा बायनरी हीपच बऱ्याचदा फास्ट पडतो हे पण खरं, पण परीक्षेत ते सांगून मार्क मिळत नाहीत. :)

युनियन-फाइंड (कोण कुठल्या गटात ते शोधायची आणि गट जोडायची रचना) मात्र सोडू नकोस, कोड जेमतेम 10-15 ओळींचा आणि संगणकशास्त्रज्ञ टार्जनने 1975 मध्ये त्याचं जे ॲनालिसिस केलं ते वाचताना घाम फुटतो. एमआयटीच्या एरिक डिमेनची 2012 ची लेक्चर्स फुकट आहेत, पण ती आत्ता नको, सेमच्या शेवटी बघ.

रविवारी कॉल करू. तोवर ॲरे डबल न करता दीडपट वाढवला तर दर पुशला किती रुपये घ्यावे लागतील ते काढून ठेव, आणि चॅटबॉटला विचारू नकोस, वहीचा फोटो पाठव.