पगार अर्धा, खाणारी तोंडं तेवढीच

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये लग्न, सासू-सून, केस गळणं वगैरे नेहमीचे विषय जवळजवळ नाहीतच. सगळा गठ्ठा पैशाचा आणि पोटाचा. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण ज्या पत्रांतून इतरांनाही उपयोग होईल अशी घेतलीत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मावशी, आम्ही चिंचवडला राहतो. यांच्या कंपनीत गाड्यांचे पार्ट बनतात, तिथे ऑर्डरी कमी झाल्या म्हणून दिवाळीनंतर आठवड्यातले तीनच दिवस काम आहे आणि पगारही तसाच कापून येतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं, एक सातवीत आणि एक तिसरीत. फ्लॅटचा हप्ता १३ हजार. किराणा, भाजी, दूध, गॅस मिळून १४ हजार जातात ते मला ८ हजारावर आणायचेत. माझं दूध मी बंद केलंय, रात्री पण फारशी जेवत नाही, भूक नाही म्हणते. अजून काय कमी करू?

उत्तर : ताई, आधी रात्रीचं जेवण सुरू करा, मग बाकीचं बोलू. घरात ओढाताण आली की पहिली कात्री बाईच्या ताटाला लागते आणि ती बाईच लावते, वर कुणाला कळू पण देत नाही. त्यात वाचतात किती? दोन पोळ्या आणि कपभर दूध. पुढे चक्कर यायला लागली, रक्त कमी निघालं की डॉक्टर, तपासण्या, गोळ्या, म्हणजे वाचवलेलं सगळं एका फेरीत गेलं. तेव्हा हा मार्ग बंद.

आता ८ हजाराचं बघू. पाच माणसं, ३० दिवस, म्हणजे माणशी दिवसाला ५३ रुपये, आणि त्यात सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं, गॅससकट. वाढत्या वयाची दोन मुलं आणि म्हातारं माणूस घरात असताना मला हे झेपेलसं वाटत नाही, झेपलं तरी कुणाच्या तरी हाडावर निघेल. साडेदहा हजार धरा, माणशी ७० रुपये, हे जमतं. बाकीचे अडीच हजार स्वयंपाकघराच्या बाहेर शोधायचे. बँकेत जाऊन हप्ता चुकायच्या आधीच सांगा की पगार कमी झालाय, मुदत वाढवून हप्ता थोडा खाली येतो का बघा. व्याज शेवटी जास्त जातं हे खरंय, पण आत्ता श्वास घ्यायला जागा मिळते. आणि हप्ता चुकल्यावर गेलं तर तीच बँक वेगळ्या आवाजात बोलते.

चौदाचे साडेदहा करायचे तर स्वयंपाकघरातले साडेतीन हजार कुठून यायचे? डाळ-तांदळातून नाही. गेल्या महिन्याची बिलं काढा आणि शिजवायला लागत नाही असं जे जे आणलंय त्यावर खूण करा. बिस्किटं, फरसाण, नूडल्सची पाकिटं, तयार मसाले, सॉस, आणि ते दहा मिनिटांत घरी येणारं सामान, ज्यात आपण कोथिंबीर मागवायला जातो आणि फ्री डिलिव्हरीच्या नादात दीडशेचं काहीतरी अजून टाकून बसतो. तुमचं बिल मी बघितलेलं नाही पण पैज लावायला तयार आहे की निम्मं तिथेच सुटेल. तेल पाच जणांना महिन्याला अडीच लिटर पुष्कळ झालं. दूध मुलांचं आणि सासूबाईंचं तसंच ठेवा, तुमचंही ठेवा, दही मात्र घरीच लावा, साय साठवून तूप काढा.

तूरडाळ चढली की मसूर, मूग, हरभरा आलटून पालटून आणा. आणि हुलगे, म्हणजे कुळीथ. आपल्याकडे कुळीथ म्हटलं की आजारपणाचं कढण नाहीतर कोकणातलं पिठलं एवढंच आठवतं, पण जुन्नर-नगरकडे हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करतात त्याची सर कशाला नाही. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं किंवा गव्हाचं, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, ओवा, हळद, मीठ, आणि घट्ट मळायचं. हाताला तेलाचं बोट लावून पोळपाटावर करंगळीएवढ्या वळ्या करून टोकं जोडायची. पातेल्यात भरपूर लसणाची फोडणी, वर पाच-सहा भांडी पाणी, ते खळखळ उकळलं की एकेक शेंगोळं सोडायचं. उकळी मोडू द्यायची नाही, मोडली की ती फुटतात आणि पातेल्यात पिठलं होतं. सोडल्यावर पाच मिनिटं डाव घालायचा नाही म्हणजे नाही. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून तेही ओतायचं, रस्सा दाटतो. वीस-पंचवीस मिनिटांत होतात. पाच माणसांचं रात्रीचं जेवण होतं, वेगळी भाजी लागत नाही, वेगळी डाळ लागत नाही, आणि मुलांना हाताने वळ्या करायला दिल्या तर ती खातात पण.

भाजी आठवडी बाजारात बाजार उठायच्या वेळी घ्या, पण स्वस्त म्हणून चार किलो उचलून दोन किलो सडवू नका. फ्लॉवरचे कोवळे देठ रश्श्यात, दुधीच्या सालीची तीळ घालून चटणी, मुळ्याचा पाला हरभऱ्याची डाळ घालून. हे सगळं तुम्हाला येत असेलच, मी फक्त आठवण करते.

आणि एक. तीन दिवस काम म्हणजे यजमान चार दिवस घरी. बाजार त्यांनी करायचा, दळण त्यांनी आणायचं, आणि वहीत रोजचा खर्च त्यांनीच लिहायचा, तुम्ही नाही. ज्याच्या हाताने खर्च लिहिला जातो त्याला तो दिसतो. सातवीतल्या पोराला पण सांगा, त्याला कळलंच असणार, फक्त कुणी बोलत नाही म्हणून तो गप्प आहे. रेशन कार्ड कुठल्या रंगाचं आहे तेही बघून ठेवा. प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं. शहरात त्याची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार आहे, म्हणजे तुम्ही आज त्यात बसत नाही (५९ हजारात शहरात कोण राहतं हा प्रश्न मला विचारू नका), पण उद्या काम पूर्णच थांबलं तर चौकशी करायला लाजू नका.

प्रश्न : सिलिंडर आधी ४५ दिवस जायचा, आता महिनाभर पण पुरत नाही. माणसं तीच. काय करावं? — एक गृहिणी, मिरज

उत्तर : पहिल्यांदा नळी आणि रेग्युलेटर साबणाच्या पाण्याने तपासा, बुडबुडे आले तर लगेच एजन्सीला फोन. पुढचा सिलिंडर आला की डिलिव्हरीवाल्याला काट्यावर वजन करून दाखवायला सांगा, आतला गॅस १४.२ किलो हवा आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, बेरीज जुळली पाहिजे. ज्योत पिवळी आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील तर बर्नर साफ करून घ्या. मग सवयी : डाळ अर्धा तास आणि हरभरे, राजमा रात्रभर भिजवणं, डाळ-भात-बटाटे एकाच कुकरमध्ये डबे लावून, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि चहाचं पाणी कपाने मोजून. आंघोळीचं पाणी गॅसवर तापत असेल तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा, मंगळवेढ्याचा. १९७२ च्या दुष्काळात आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेला तो लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाल्ला, कुणी कुरकूर केली नाही. आता नातवाला भाकरी दिली तर तोंड वाकडं करतो, पिझ्झा पाहिजे. या पिढीला काटकसर शिकवायची कशी?

उत्तर : काका, तुमचं वय आणि तुमचे कष्ट दोन्हीला नमस्कार. पण कुरकूर केली नाही हे मी जरा जपून घेईन. त्या मिलोची भाकरी कशी व्हायची, किती नीट थापली जायची नाही आणि लोक त्याला काय काय नावं ठेवायचे हे मी माझ्या आत्याकडून पुष्कळ ऐकलंय. खाल्ली कारण दुसरं काही नव्हतं. त्याला आज संस्कार म्हणून नातवाच्या ताटात वाढलं तर तो खाणार नाही, आणि मी त्याला दोष पण देणार नाही. त्यापेक्षा त्याला खरी गोष्ट सांगा, कामावर हजेरी कशी लागायची, आठवड्याचे पैसे किती मिळायचे, घरातलं कोण कामावर आणि कोण पाण्याला. त्याच दुष्काळी कामांच्या जोरावर आपल्याकडे रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला आणि पुढे देशाने ती उचलली. हे त्याच्या पुस्तकात एका ओळीत असेल, तुमच्याकडे अख्खं आहे.

आणि भाकरीचं म्हणाल तर गंमत बघा, तुमच्या तरुणपणी गरिबाची म्हणून हिणवली जाणारी ज्वारी आता बाजारात बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग असते, पुण्यात तर हॉटेलवाले भाकरीला पोळीपेक्षा जास्त पैसे लावतात. तुमच्या मंगळवेढ्याची मालदांडी शहरातले लोक शोधत फिरतात. नातवाला ती उपदेशाबरोबर देऊ नका, लोणी आणि ओल्या तिखटाबरोबर द्या. महिन्यातून एखादा पिझ्झा खाऊ दे त्याला.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातला, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो, तिसरं वर्ष. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता पण आमचं चार हजाराच्या आसपासच गेलं, त्यामुळे घरून पैसे मागायला जीव होत नाही. मेस एकाच वेळची लावलीय, दुसऱ्या वेळी चहा आणि वडापाव. रूमवर गॅस चालत नाही. स्वस्तात काय खाऊ?

उत्तर : बाळा, चहा-वडापाव स्वस्त नाहीये, एकदा लिहून बघ. दिवसाचे तीन चहा, दोन वडापाव, मध्येच एक क्रीमरोल, याचा महिना काढलास तर मेसच्या दुसऱ्या वेळच्या जवळपास जातो आणि अंगाला काही लागत नाही, फक्त अॅसिडिटी. मालक विजेचा छोटा राइस कुकर चालवू देत असेल तर प्रश्नच मिटला, मूगडाळीची खिचडी त्यात आपली आपण होते आणि तू तोपर्यंत करंट अफेअर्स वाच. चालत नसेल तर बिनविस्तवाचं खायचं. मटकी-मूग भिजवून मोड आणायचे, कांदा-टोमॅटो-लिंबू. पातळ पोहे दह्यात कालवून त्यात मेतकूट. शेंगदाणे-गूळ, केळी, फुटाणे. घरून येताना आईकडून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेल्या डाळींचं पीठ आण. हे मागायला लाज नको, आईला पाठवायला काहीतरी मिळालं की बरंच वाटतं. तुमच्यात तिघं-चौघं असाल तर दोन डबे चौघांत वाटून वर मोड-दही जोडायचं, बरीच पोरं असं करतात.

आता न विचारलेलं सांगते. तिसरं वर्ष आहे तर अजून किती प्रयत्न द्यायचे ते घरच्यांशी बसून ठरव, तारीख टाकून. वडिलांना सोयाबीनचा भाव तुझ्याआधी माहितीय, त्यांच्यापासून लपवण्यासारखं तुझ्याकडे काही नाही. आणि लायब्ररीतून सुटल्यावर दोन तास कुणाच्या मुलांना गणित शिकवलंस तर अभ्यास बुडत नाही.

प्रश्न : क्रेडिट कार्डाचं बिल भरता येत नाही म्हणून चार महिने मिनिमम ड्यू भरतेय. चालेल ना? — डोंबिवली

उत्तर : नाही चालणार. उरलेल्या बिलावर व्याज चढतं, साधारण महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, सावकार परवडला. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून कार्ड एकदम मिटवा, व्याज बरंच कमी पडतं. नाहीतर कार्डवाल्यांकडूनच थकबाकीचे हप्ते बांधून घ्या. आणि तोवर ते कार्ड पर्समध्ये नको, अॅपमधूनही काढा.

प्रश्न : नवऱ्याचं काम गेलंय. मला स्वयंपाक चांगला येतो, सगळे म्हणतात डबे सुरू कर. भीती वाटते. — कांजूरमार्ग

उत्तर : भीती वाटतेय ते बरंय, म्हणजे हिशोब नीट कराल. मुंबईत हे काम काही नवीन नाही, गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी हजारो गिरणी कामगारांना जेवू घातलं, उधारीवर, पगार झाला की पैसे. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज मात्र त्यांच्या डोक्यावर, आणि संप झाला की कामगारांकडून यायचे ते पैसे पण अडकायचे. त्याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यातून घ्यायचं ते एवढंच की मेहनत आपली आणि उधारी पण आपली असं होऊ द्यायचं नाही. पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ घ्या. ओळखीचे, शेजारचे, नणंदेच्या ऑफिसमधले, सगळ्यांकडून. ओळखीचे जास्त बुडवतात.

पाच डब्यांपासून सुरू करा, घरासाठी जे करताय तेच वाढवून, वेगळा मेन्यू नको. तीन पोळ्या, एक भाजी, आमटी, भात. एका डब्याला धान्य, भाजी, तेल, गॅस, डबा धुण्याचं पाणी-साबण किती लागतो ते आठवडाभर लिहा, त्यात तुमच्या तासांचे पैसे धरा (हे बायका विसरतात), मग भाव ठरवा. अन्नपदार्थ विकायला नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते, करून टाका. आणि डबे पोचवायचं काम नवऱ्याकडे, पहिल्या दिवसापासून.