शिकागोमध्ये पार्क डिस्ट्रिक्टचे मुलांसाठीचे कार्यक्रम चांगले असतात का, की खासगी क्लासच बरे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नुकतेच शिकागोला आलात, मुलगा सात वर्षांचा आहे, उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत, आणि पार्क डिस्ट्रिक्टची, म्हणजे शहरातली सार्वजनिक पार्कं चालवणाऱ्या संस्थेची, फी इतकी कमी दिसते की दर्जाबद्दल शंका येते.

मी अकरा वर्षं शहराच्या उत्तर भागात, भारतीय दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून चालत दहा मिनिटांवर राहते. माझी दोन्ही मुलं पार्कातच पोहायला शिकली. म्हणून मनापासून सांगते, बिनधास्त घाला.

आधी फीची शंका काढून टाकू. फी कमी आहे कारण बाकीचे पैसे तुम्ही आधीच भरताय. पार्क डिस्ट्रिक्ट हा इथल्या महापालिकेचा विभाग नाही. ती स्वतंत्र संस्था आहे. १९३४ साली शहरातली २२ वेगवेगळी पार्क मंडळं एकत्र करून ती केली, आणि मालमत्ता करातला वाटा तिला थेट मिळतो. भाड्याने राहत असाल तरी तो कर घरमालक तुमच्याच भाड्यातून काढतो. तेव्हा ‘स्वस्तातलं’ असं मनातसुद्धा आणू नका, ते आपल्या हक्काचं आहे. शहराबाहेर राहणाऱ्यांना फी जास्त पडते, म्हणून पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. उत्पन्न कमी असेल तर सवलतीचा अर्ज करता येतो. तो करायला अजिबात संकोच करू नका.

आता खरी गोष्ट. वेबसाइटवर याद्या बघत बसू नका. तुमच्या घराजवळचं फील्डहाउस शोधा आणि एखाद्या संध्याकाळी मुलाचा हात धरून चालत तिथे जा. फील्डहाउस म्हणजे पार्कातली इमारत. तिच्यात व्यायामशाळा, एखादा मोठा हॉल, दोन-चार वर्गखोल्या असतात. कुठे मातीकामाची भट्टी, कुठे तरणतलाव. शहरात सहाशेहून जास्त पार्कं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एका ठिकाणी जिम्नॅस्टिक्स फार चांगलं, तर दुसरीकडे बॉक्सिंग शिकवणारे सर असे की पोरं दोन बस बदलून येतात. हे यादीत दिसत नाही. दारातल्या टेबलावर बसलेल्या बाईंना विचारलं की पाच मिनिटांत कळतं.

ही फील्डहाउसं मुळात कुणासाठी बांधली ते ऐका, कारण मला ते कळल्यापासून तिथे पाऊल टाकताना परकं वाटत नाही. १९०५ च्या सुमारास शिकागोच्या दक्षिण भागात कत्तलखान्यांच्या आसपास पोलिश, लिथुआनियन अशी परदेशातून आलेली कामगार कुटुंबं दाटीवाटीने राहत होती. घरात न्हाणीघर नाही, मुलांना खेळायला रस्ता सोडून जागा नाही. तेव्हा तिथल्या पार्क मंडळाने उद्यानं आखणारे ऑल्मस्टेड बंधू आणि वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅम यांच्याकडून छोटी छोटी पार्कं आखून घेतली आणि प्रत्येकात एक फील्डहाउस उभं केलं. अंघोळीची सोय, व्यायामशाळा, सभेचा हॉल, वाचनालय, सगळं एका छताखाली. १९०७ मध्ये मुलांना खेळायला मैदानं मिळावीत म्हणून चाललेल्या अमेरिकेतल्या क्रीडांगण चळवळीचं पहिलं अधिवेशन शिकागोत भरलं त्यामागे हेच काम होतं. म्हणजे नव्याने आलेल्या, भाषा न येणाऱ्या, कुणाची ओळख नसलेल्या माणसांसाठीच ही घरं झाली. आज त्या जागी आपण आहोत.

मुलासाठी मुख्य गोष्ट उन्हाळी डे कॅम्प, म्हणजे दिवसाचं शिबिर. सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, साधारण जूनअखेर ते ऑगस्टची सुरुवात. खेळ, हस्तकला, पोहणं, अधूनमधून सहल. मुलं घामेजून, गुडघे खरचटून, खूश होऊन घरी येतात. फी आणि वेळा पार्कानुसार बदलतात. दोघं नोकरी करत असाल तर एक हिशोब आत्ताच मांडा: शाळा उघडते ऑगस्टच्या उत्तरार्धात, म्हणजे कॅम्प संपल्यावरचे दोन-तीन आठवडे मोकळे राहतात. सासूबाई तेव्हा असतील तर प्रश्न नाही.

नोंदणीचा नियम नीट समजून घ्या. कॅलिफोर्निया ॲव्हेन्यू हा रस्ता शहराला उभा छेदतो. त्याच्या पश्चिमेच्या पार्कांची ऑनलाइन नोंदणी एका दिवशी सकाळी ९ ला उघडते, पूर्वेच्या पार्कांची दुसऱ्या दिवशी. पहिल्या वर्षी मी हा भाग वाचलाच नाही. आमचं पार्क पश्चिमेला, मी दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आरामात बसले, आणि मोठ्याचा कॅम्प भरलेला. त्या उन्हाळ्यात तो खिडकीतून समोरच्या मैदानावरची मुलं बघत बसायचा. अजून आठवलं की पोटात कालवतं. तुम्ही खातं आधी उघडून ठेवा, हवे ते वर्ग निवडून ठेवा, ९ ला पाच मिनिटं असताना लॉग-इन करा. तरी हुकलं तर वेटलिस्टवर नाव घाला आणि फील्डहाउसमध्ये जाऊन विचारा. प्रत्यक्ष नोंदणीचा वेगळा दिवस बहुतेक ठिकाणी असतो.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी आई आहे, म्हणून बोलते. २०२१ मध्ये तरणतलाव आणि किनाऱ्यांवरच्या लाइफगार्डांमधल्या लैंगिक छळाच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून पार्क डिस्ट्रिक्टच्या तेव्हाच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. झाकून ठेवण्यासारखं ते नाही. कोणत्याही कॅम्पमध्ये, खासगी असो वा सार्वजनिक, मुलाला घालण्याआधी विचारा की कपडे बदलायच्या खोलीत मुलांबरोबर कोण असतं, घ्यायला कोण येऊ शकतं. चांगले पर्यवेक्षक अशा प्रश्नांनी दुखावत नाहीत, उलट खुर्ची ओढून बसायला सांगतात.

लेक मिशिगन या शहराला लागून असलेल्या मोठ्या सरोवराच्या किनाऱ्यांना पैसे पडत नाहीत. मे महिन्याच्या अखेरीपासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार), सकाळी ११ ते संध्याकाळी ७, एवढ्याच वेळात लाइफगार्ड असतो आणि तेवढ्याच वेळात पाण्यात उतरा. झेंडा हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाऊलही भिजवू नका. समुद्र नाही म्हणून या पाण्याला हलकं लेखू नका, ते ओढून नेतं.

उन्हाळाभर संध्याकाळी पार्कांमधून फुकट सिनेमे, नाटकं, वाद्यवृंद असतात. सतरंजी, मच्छरांचं मलम आणि भेळेचं सामान घेऊन जा. मिलेनियम पार्कातल्या मैफिलीही फुकटच, पण त्यांतल्या बऱ्याच शहराच्या सांस्कृतिक विभागाच्या. त्या पार्क डिस्ट्रिक्टच्या यादीत शोधत बसू नका.

तुमच्या प्रश्नात एक ओळ होती की मुलगा ‘इतरांपेक्षा जरा हळू शिकतो’. ती मी दोनदा वाचली. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी इथे वेगळे वर्ग आहेत, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. ॲन बर्क ही याच पार्क डिस्ट्रिक्टची तरुण व्यायामशिक्षिका. मतिमंद म्हणून बाजूला ठेवलेल्या मुलांना ती शिकवत असे. त्यांची शहरभराची एक मैदानी स्पर्धा घ्यावी असं तिने सुचवलं, राष्ट्राध्यक्ष केनेडींची बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी ती कल्पना उचलून मोठी केली, आणि २० जुलै १९६८ ला सोल्जर फील्ड या इथल्या स्टेडियमवर पहिलं स्पेशल ऑलिंपिक झालं. हीच बर्क पुढे इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची मुख्य न्यायाधीश झाली. नाव घालताना मुलाबद्दल मोकळेपणाने सांगा. लपवलंत तर शिकवणाऱ्याला मदत करता येणार नाही.

हिवाळा आला की घाबरू नका. गारफिल्ड पार्क काँझर्व्हेटरीला जा. जेन्स जेन्सन या डॅनिश माळ्याने, जो इथल्या पार्कांत साधा मजूर म्हणून लागला होता, १९०८ मध्ये हे काचघर उभं केलं. आकार गवताच्या गंजीसारखा, आपल्याकडे भातकापणीनंतर शेतात दिसतात तसा. बाहेर शून्याखाली पंधरा, आणि दार ढकललं की चष्म्यावर वाफ धरते, ओल्या मातीचा वास येतो. समोर केळ. माझी आई तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा काही न बोलता केळीच्या पानावर हात फिरवत उभी राहिली.

सासूबाईंबद्दल तर खास लिहायचं होतं. माझी आई आली त्या वर्षी पहिला महिना नुसती खिडकीत बसून असायची. मग तिला फील्डहाउसमधल्या ज्येष्ठांच्या वर्गात नेलं, खुर्चीत बसून करायचे व्यायाम. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरली होती. पण ‘हात वर, हात खाली’ला भाषा लागत नाही. शेजारच्या खुर्चीत एक पोलिश आजी. तिसऱ्या आठवड्यात दोघी एकमेकींना विणकामाचे टाके दाखवत होत्या.

ऑक्टोबरमध्ये काही तलावांत एक मजेचा कार्यक्रम असतो. पाण्यावर भोपळे सोडतात, मुलांनी पोहत जाऊन आपला भोपळा पकडून आणायचा आणि मग रंगवायचा. धाकटीने दोन्ही हातांनी छातीशी धरून एक आणला, तिच्या डोक्यापेक्षा मोठा. आठवडाभर तो दारात मिरवला, मग आईने चिरला आणि घारगे केले. इकडचा भोपळा पाणचट असतो, गूळ नेहमीपेक्षा जास्त घालावा लागतो. डबा भरून तिने व्यायामाच्या वर्गात नेला आणि परत आणला तो रिकामा. तुमच्या सासूबाई ऑक्टोबरपर्यंत असतील तर गूळ डेव्हनवर मिळतो.